कोणती रांग धरावी?

दर शनिवारी संध्याकाळी मला एक छोटासा निर्णय घ्यावा लागतो. बेळ्ळंदूरच्या आमच्या वसाहतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर किराणा-भाजीचे एक मोठे दुकान आहे. आठवड्याचे वाणसामान ट्रॉलीत भरून बाहेरच्या दाराशी आलो की समोर दोन वाटा असतात. डाव्या हाताला कॅशियरचे चार काउंटर, त्यांतले दोन बहुधा बंद. उजव्या हाताला सेल्फ-चेकआउटची तीन यंत्रे. तिथे आपणच वस्तू काचेवरून फिरवायची, आपणच पिशवीत भरायची, आपणच मोबाइलने पैसे भरायचे. कोणती रांग धरावी?

प्रश्न क्षुल्लक आहे, आणि वर्षभर मीही तो क्षुल्लकच मानला. गेल्या दिवाळीनंतर माझी आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली आणि एका शनिवारी माझ्याबरोबर दुकानात आली. कॅशियरची रांग लांब होती, म्हणून मी तिला यंत्राकडे नेले. वस्तू जिथे ठेवायच्या त्या पत्र्याखाली वजनकाटा असतो. काचेवरून गेलेली वस्तू आणि पत्र्यावर वाढलेले वजन यांचा मेळ बसला नाही की यंत्र अडते. आईने आपली कापडी पिशवी सहज त्या पत्र्यावर टेकवली. यंत्राने आवाज केला, वरचा दिवा तांबडा झाला, आणि मदतनीस मुलगा येऊन ती पिशवी उघडून पाहू लागला. तो अगदी नम्र होता. पिशवीत आईचा चष्मा, रुमाल आणि औषधाची पट्टी निघाली. आई एवढेच म्हणाली, "अरे, मी काही घेतलं नाही रे." पुढचे दोन महिने ती दुकानात आली नाही.

तिने साठ वर्षे वाण्याकडून सामान आणले. वाण्याची वही, महिनाअखेरची उधारी, कधी मापावरून झालेली कुरबूर, हे सारे तिने पाहिले होते. मात्र पिशवी उघडून दाखवण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तेव्हा एका यंत्रासमोर उभे राहताच संशय ग्राहकाकडे कसा वळला, हे मला शोधावेसे वाटले. शोधता शोधता लक्षात आले की हा प्रश्न दुकानापुरता नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीचाही तोच इतिहास आहे.

प्रथम दुकान पाहू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातील बहुतेक किराणा दुकाने आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच होती. माल फळीच्या आत, ग्राहक बाहेर. ग्राहकाने मागायचे, नोकराने काढून, तोलून, पुडी बांधून द्यायचे. १९१६ साली अमेरिकेत मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढले आणि ही फळी काढून टाकली. ग्राहकाने फिरत्या दांड्यातून आत जायचे, ठरवून दिलेल्या एकाच वाटेने सगळ्या फडताळांसमोरून फिरायचे, हवे ते आपल्या हाताने टोपलीत घ्यायचे आणि शेवटी पैसे द्यायचे. या मांडणीचे त्याने १९१७ साली एकस्वही मिळवले. आपण आज ज्याला सुपरमार्केट म्हणतो त्याचा हा आरंभ.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यात एक गोष्ट पाहावी. सॉन्डर्सने नोकराचे काम ग्राहकाला दिले, पण फुकट दिले नाही. बदल्यात ग्राहकाला स्वस्त माल मिळाला. आणि वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून, किमती ताडून निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, जे फळीबाहेर उभे राहून कधी मिळत नव्हते. सौदा दोघांच्या सोयीचा होता.

सॉन्डर्सने एक जागा मात्र सोडून दिली होती, ती म्हणजे गल्ला. निवडणे ग्राहकाकडे आले, हिशोब नोकराकडेच राहिला. त्या गल्ल्याचा इतिहास संशयाने भरलेला आहे. ओहायो राज्यातील डेटन गावच्या जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकाला आपले नोकर पैसे खातात असा संशय होता. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहून त्याला कल्पना सुचली आणि १८७९ साली त्याने पैसे नोंदवणारे यंत्र बनवले. त्याचे नाव त्याने ठेवले 'लाच न खाणारा रोखपाल'. पुढे या यंत्रांना घंटा बसली. गल्ला उघडला की घंटा वाजे आणि आतल्या खोलीतल्या मालकाला कळे. १८८४ साली जॉन पॅटरसन याने हा धंदा विकत घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एनसीआर, ही कंपनी उभारली. म्हणजे दुकानातले पहिले नोंदणी-यंत्र जन्मले ते नोकरावर नजर ठेवण्यासाठी. पुढे हीच एनसीआर सेल्फ-चेकआउट यंत्रांच्या मोठ्या उत्पादकांत गणली गेली. नोकरासाठी वाजणारी घंटा शंभर वर्षांनी ग्राहकासाठी वाजू लागली.

मधला दुवा बारकोडचा. २६ जून १९७४ रोजी ओहायोतच, डेटनपासून जवळ असलेल्या ट्रॉय गावी, मार्श नावाच्या दुकानात च्युइंगगमचे एक पाकीट पहिल्यांदा काचेवरून फिरवले गेले आणि किंमत आपोआप उमटली. किंमत पाठ असणे हे कॅशियरचे कसब होते. ते कसब रेघांत गेले. मग कॅशियरच कशाला हवा, हा प्रश्न अटळ होता. फ्लोरिडातील डेव्हिड हंबल याने १९८०च्या दशकात त्याचे उत्तर यंत्राच्या रूपात दिले, आणि १९८६ साली अटलांटाजवळ क्रोगर कंपनीच्या दुकानात ते यंत्र बसले.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे ग्राहकाची आणि रांगेची पहिली मोठी गाठ दुकानदाराने नव्हे, सरकारने घालून दिली. १९४३ साली, युद्धकाळातील टंचाईत, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. रेशनकार्ड, ठरलेले दुकान, ठरलेले माप आणि रांग हे शब्द मराठी घरांत तेव्हा जे शिरले ते आजतागायत आहेत. या रांगेत निवड नव्हती. पण कार्डावर जे लिहिले तेवढे मिळण्याचा हक्क होता, आणि तो हक्क नोंदवणारा माणूस समोर होता.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९४८ साली, नायगावच्या गिरणी कामगारांनी आपले सहकारी ग्राहक भांडार काढले. तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून मोठे झाले. १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारने ग्राहक सहकारी संस्थांसाठी योजना आखली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, आणि भाववाढीच्या धास्तीने शहरोशहरी सहकारी सुपर बाजार उघडले. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील सुपर बाजार त्याच वर्षीचा. मुंबईचे सहकारी भांडार १९६८चे.

माझ्या पिढीला त्या काळातील सरकारी-सहकारी भांडारांतील खरेदी आठवत असेल. एका काउंटरवर वस्तू निवडायची आणि चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्यावर पैसे भरून चिठ्ठीवर शिक्का घ्यायचा, तिसऱ्यावर शिक्का दाखवून वस्तू घ्यायची. एका साबणासाठी तीन रांगा! लोक वैतागत. परंतु कोषागाराचे नियम ज्याने वाचले आहेत त्याला त्यामागचे तर्कशास्त्र ओळखीचे वाटेल: जो बिल मंजूर करतो त्याच्या हाती रोकड नसावी आणि ज्याच्या हाती रोकड त्याच्या ताब्यात माल नसावा. संशय होता, पण तो व्यवस्थेतील माणसांवर होता. ग्राहकाचे फक्त पाय दुखत.

याच मुंबईत १९७५च्या गुढीपाडव्याला याहून निराळा प्रयोग सुरू झाला. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानच गाळून टाकले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी कागदावर भरून द्यायची, पंचायतीने घाऊक खरेदी करून माल संघातल्या एका घरी पोचवायचा, आणि सभासदांनी तिथे जमून आपापला वाटा मोजून घ्यायचा. मोजणारे, हिशोब करणारे, पिशव्या भरणारे सारे ग्राहकच. स्वयंसेवेचा याहून पूर्ण नमुना मला माहीत नाही. यंत्र नाही, काउंटर नाही, पहारा नाही. हा प्रयोग टिकला, कारण इथेही सौदा उघड होता. आपण श्रम द्यायचे, बदल्यात रास्त भावात निवडक माल घ्यायचा आणि व्यवस्थेचे मालकही व्हायचे. मोजताना पावशेर साखर कमी भरली तर कोणी कोणाची पिशवी उघडत नसे. सर्व जण मिळून पुन्हा मोजत.

खाजगी सुपरमार्केटची कथा आपल्याला जवळची आहे, म्हणून ती आटोपती घेतो. बंगळूरच्या ब्रिगेड रोडवरील 'निलगिरीज' हे देशातील जुन्यांतले जुने सुपरमार्केट. मुंबईत राधाकिशन दमाणी यांनी आधी नेरुळला 'अपना बाजार'ची एक शाखा चालवायला घेतली आणि मग २००२ साली पवईत पहिले 'डीमार्ट' उघडले. गिरणी कामगारांच्या सहकारातून आजच्या साखळी-दुकानांकडे जाणारी वाट अशी एका शाखेतून गेली आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

या साऱ्यामागे आणखी एक इतिहास आहे, तो वजनमापांच्या कायद्यांचा. त्याचे श्रेय आमच्या जमातीला, म्हणजे प्रशासनाला, क्वचितच मिळते. १९५६ साली मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. १९७७ साली आवेष्टित वस्तूंचे नियम आले. पाकिटावर वजन, उत्पादकाचे नाव, किंमत छापणे बंधनकारक झाले. पुढे सर्व करांसहित कमाल किंमत, म्हणजे एमआरपी, छापली जाऊ लागली. १९९६ साली बारकोडचे काम पाहणारी संस्था भारतात स्थापन झाली आणि भारतीय मालावर ८९०ने सुरू होणारा क्रमांक दिसू लागला. वाण्याच्या शब्दावर जो विश्वास ठेवावा लागे तो आता पाकिटावर छापला गेला. या छापील विश्वासाशिवाय फडताळावरून वस्तू उचलणे शक्य नव्हते, यंत्रासमोर धरणे तर नाहीच. सेल्फ-चेकआउटच्या काचेमागे निरीक्षकांच्या चार पिढ्यांचे काम आहे.

भारतात ही यंत्रे उशिरा आली आणि बेताचीच आली. याचे कारण सरळ आहे. अमेरिकेत कॅशियरचे वेतन महाग म्हणून यंत्र स्वस्त, आपल्याकडे उलट. म्हणून आपल्याकडचे प्रयोग बरेचसे मोबाइलवरून झाले. बंगळूरच्याच 'पर्प्युल' या २०१६ साली स्थापन झालेल्या कंपनीने ग्राहकाने आपल्या फोननेच बारकोड टिपून पैसे भरावेत अशी सोय काढली. २०२१ साली ती अॅमेझॉनने विकत घेतली. एप्रिल २०१६मध्ये यूपीआय आल्यावर पैसे भरण्याची अडचणही संपली. पण एक खास भारतीय गंमत उरली. यंत्राने हिशोब केला, फोनने पैसे दिले, तरी दाराशी रखवालदार उभा असतो. तो पावतीवर ओझरती नजर टाकतो, पिशवीत डोकावतो आणि शिक्का मारतो. तीन रांगांपैकी तिसरी अजून गेलेली नाही.

आता मूळ प्रश्न: कोणती रांग धरावी? प्रथम केवळ वेळेचा हिशोब करू. रांगांचे गणित १९०९ साली डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रासाठी मांडायला सुरुवात केली. त्यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक गृहस्थाने लक्षात ठेवावी. शेजारी शेजारी तीन रांगा असतील तर आपली रांग सर्वांत आधी सरकण्याची शक्यता एक-तृतीयांशच असते. म्हणून 'माझीच रांग नेहमी अडते' ही तक्रार नशिबाची नसून गणिताची आहे. उपाय म्हणजे सर्व काउंटरांसाठी मिळून एकच रांग. एखादा ग्राहक अडला तरी बाकीचे काउंटर चालू राहतात. आमच्या दुकानात यंत्रांसमोर अशी एकच रांग आहे आणि कॅशियरसमोर मात्र वेगवेगळ्या. यंत्राकडचे काम झटपट होते असे जे वाटते त्यात यंत्राइतकाच वाटा या मांडणीचा आहे. माणसांच्या काउंटरांनाही एकच रांग लावता येते. बँकांतील टोकन म्हणजे दुसरे काय?

दुसरे असे, की प्रत्येक ग्राहकामागे पैसे देणे, पिशवी उघडणे, पावती घेणे यांत ठराविक वेळ जातोच. म्हणून चार-चार वस्तू घेतलेल्या पाच जणांच्या मागे उभे राहण्यापेक्षा एका भरगच्च ट्रॉलीमागे उभे राहणे बहुधा फायद्याचे. छापील बारकोडच्या पाच-सहा वस्तू असतील तर यंत्र बरे. सुटी भाजी, सवलतीची कुपने, बदलून घ्यायचे पाकीट असेल तर कॅशियर बरा. त्याचा हात सरावाचा, आपला नवशिका.

पण वेळ हाच एक हिशोब नव्हे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवून दिले की घरातल्या माणसाचा वेळही उत्पादनाचे साधन आहे आणि त्याला किंमत आहे. इव्हान इलिच याने १९८१ साली अशा बिनपगारी, अदृश्य श्रमांना 'छायाश्रम' म्हटले. यांच्या आधारे आणि वरच्या इतिहासावरून मी स्वतःपुरते तीन प्रश्न तयार केले आहेत. काम कोणाकडून कोणाकडे गेले? बदल्यात त्याला काय मिळाले? आणि चूक झाली तर संशय कोणावर?

सॉन्डर्सच्या दुकानात काम ग्राहकाकडे आले, बदल्यात स्वस्ताई आणि निवड मिळाली. ग्राहक पंचायतीत काम ग्राहकाकडे आले, बदल्यात मालकी मिळाली, संशय कोणावरच नाही. सेल्फ-चेकआउटमध्ये काम ग्राहकाकडे आले. भाव तोच राहिला. बदल्यात थोडा वेळ वाचला, तोही दुसऱ्या बाजूचे दोन काउंटर बंद ठेवल्यामुळे. आणि संशय ग्राहकावर आला. हा सौदा मला महाग वाटतो.

हेच तीन प्रश्न कचेरीला लावून पाहा. बेळ्ळंदूर आज काचेच्या इमारतींचे उपनगर आहे, पण २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत जाईपर्यंत इथे ग्रामपंचायत होती. आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिने मालमत्तेच्या आणि कराच्या नोंदी संगणकावर आणल्या म्हणून तिचे नाव देशभर झाले होते. त्याच सुमारास कर्नाटक सरकारने 'भूमी' प्रकल्पात साऱ्या राज्याचे जमिनीचे उतारे संगणकावर घेतले. पूर्वी शेतकरी गावच्या लेखापालाची मनधरणी करी. आता त्याला तालुक्याच्या गावी जावे लागू लागले. काम, म्हणजे प्रवास, शेतकऱ्याकडे आला. बदल्यात पंधरा रुपयांच्या ठरलेल्या शुल्कात उतारा निश्चित मिळू लागला. संगणकावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच काम सुरू करावे लागे, म्हणजे जबाबदारी आणि संशय दोन्ही त्याच्यावर. शिवाय खिडकीवर एक दुसरा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवला होता, आत काय टंकले जाते ते त्याला दिसावे म्हणून. हा दुसरा पडदा मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र आणि माणूस यांत निवड करण्याची गरजच त्याने ठेवली नाही. माणूस काम करतो, यंत्र नोंद ठेवते आणि नागरिक पाहतो.

मुंबईच्या लोकल स्थानकांवर याचे दुसरे उदाहरण सापडते. तिकिटांची स्वयंचलित यंत्रे आली तरी खिडकीपुढची रांग हटेना. तेव्हा रेल्वेने निवृत्त कर्मचाऱ्यांना मदतनीस म्हणून त्या यंत्रांपाशी उभे केले. ते प्रवाशाला तिकीट काढून देतात आणि त्यांना त्याचा मोबदला मिळतो. स्वयंसेवेच्या यंत्रापुढे माणूस उभा करावा लागला म्हणून हसणारे हसले. मला त्यात शहाणपण दिसते. ज्याला जमते त्याने स्वतः काढावे, ज्याला जमत नाही त्याला हात द्यावा.

येथे मला एक कबुली द्यावी लागेल. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, माझ्या कचेरीतील रोख भरणा आणि चौकशी यांची खिडकी बंद करण्याच्या टिप्पणीवर मी सही केली. सर्व काही ऑनलाइन झाले होते, खिडकीवर येणाऱ्यांची संख्या घटत होती, दोन कारकून मोकळे होणार होते. टिप्पणी निर्दोष होती. पुढे काही महिन्यांनी एक निवृत्त शिपाई मला भेटायला आले. तक्रार करायला नव्हे, आभार मानायला. काम झाले म्हणून. कसे झाले, असे मी विचारले. घराजवळच्या सायबर-कॅफेतला मुलगा दर वेळी पन्नास रुपये घेऊन करून देतो, असे ते म्हणाले, आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर त्यांचा पासवर्ड त्या मुलाच्या अक्षरात लिहिलेला होता.

मी ज्याला स्वयंसेवा म्हणून सही केली होती ती प्रत्यक्षात पन्नास रुपयांची खाजगी खिडकी झाली होती. तिला ना नियम, ना जबाबदारी, ना दुसरा पडदा. आणि ती खिडकी वापरणारी माणसे माझ्या आकडेवारीत 'ऑनलाइन व्यवहार करणारे' म्हणून मोजली जात होती. खिडकीवर येणाऱ्यांची संख्या घटते ती गरज संपली म्हणून, की वाट बंद होत चालली म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. दुकानदार दोन काउंटर बंद ठेवतो आणि मग सांगतो की ग्राहकांना यंत्रच आवडते. मी काही वेगळे केले नव्हते.

बाहेरच्या जगाला याची जाणीव हळूहळू होत आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील 'बूथ्स' या दुकान-साखळीने २०२३ साली आपल्या जवळजवळ सर्व दुकानांतून सेल्फ-चेकआउटची यंत्रे काढायचे ठरवले. अॅमेझॉनने २०२४ साली अमेरिकेतील आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून, वस्तू उचलून सरळ बाहेर पडण्याची व्यवस्था मागे घेतली. नेदरलँड्समधील 'यम्बो' या साखळीने तर २०१९ साली मुद्दाम सावकाश चालणारा काउंटर सुरू केला. ज्यांना घाई नाही, चार शब्द बोलायचे आहेत, अशांसाठी. परदेशी राहणाऱ्या वाचकांनी हे बदल माझ्याआधी पाहिले असतील.

आणि काउंटरपलीकडच्या माणसाचे काय? कॅशियर टिकावा म्हणणाऱ्याने त्याच्या पायांकडेही पाहावे. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या दुकान-कामगारांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायद्याने दिला. बसायला खुर्ची मिळावी म्हणून कायदा करावा लागतो, यातच सारे आले.

माझे म्हणणे यंत्राविरुद्ध नाही. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले आणि २००२ साली घरबसल्या तिकीट मिळू लागले, तेव्हा ज्यांनी पहाटे चारला उठून रांगा लावल्या होत्या त्यांत मीही होतो. पण ते तिकीट घरून मिळू लागल्यावरही आरक्षणाची खिडकी उघडी राहिली, म्हणूनच ती सोय होती. दुसरी रांग चालू असेल तोवर पहिली ही सोय असते. दुसरी बंद झाली की तीच सक्ती होते. दुकानाला हे कोणी बंधनकारक करू शकणार नाही कदाचित, पण कचेरीला हे बंधन आपणहून घालून घेता येते. खिडकी बंद करण्याच्या प्रत्येक टिप्पणीत तीन ओळी सक्तीच्या असाव्यात: काम कोणाकडे जाणार, त्याला बदल्यात काय मिळणार, आणि चूक झाली तर सिद्ध करण्याचा भार कोणावर. या ओळी माझ्या त्या टिप्पणीत नव्हत्या. त्या शहरातील माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांना मी हे सारे कळवले. आता तिथे आठवड्यातून दोन दिवस खिडकी उघडते. पहिली सही मात्र माझ्याच नावावर राहील.

आई आता पुन्हा दुकानात येते. तिसऱ्या काउंटरवर एक मुलगी असते. ती खानापूर तालुक्यातली आहे हे आम्हांला उशिरा कळले. आई एकदा माझ्याशी बोलत असताना तिने ऐकले आणि हाक मारली, "आज्जी, हिकडं या की." त्या काउंटरवर किंमत दाखवणारा छोटा पडदा ग्राहकाकडे वळवलेला आहे. आई चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचते. परवा कोथिंबीर दोनदा लागली, ते तिनेच दाखवून दिले. मुलगी हसली आणि एक आकडा तिने खोडला. मागे रांग वाढत होती, पण कोणाचा दिवा तांबडा झाला नाही. मी एकटा असलो आणि हातात दूध-पाव एवढेच असले की यंत्राकडे जातो. आई बरोबर असली की तिसरा काउंटर, रांग कितीही लांब असली तरी.